‘आस्क’ला पर्यायी शब्द कोणते? आधी विचारताय की मागताय ते ठरवा

तुमचा प्रश्न मी असा समजले: शिक्षण मराठी माध्यमातून झालं, नोकरी कारखान्याच्या खरेदी विभागात, आणि दिवसभर सप्लायरना इंग्रजीत मेल लिहावे लागतात. दर विचारायचे, टेस्ट सर्टिफिकेट मागायचं, माल लवकर पाठवायला सांगायचं. प्रत्येक मेलमध्ये ‘आस्क’ येतो म्हणून सहकाऱ्याने ‘शाळेतलं इंग्रजी’ असा शेरा मारला. तुम्ही नेटवरून समानार्थी शब्दांची यादी काढली आणि ते आलटूनपालटून वापरू लागलात. त्यात इंग्लंडमधल्या एका सप्लायरला ‘वी डिमांड द टेस्ट सर्टिफिकेट’ असं गेलं आणि तिकडून दोन ओळींचं कोरडं उत्तर आलं. आता तुम्हाला कोष्टक हवं आहे: ‘आस्क’चा कुठला समानार्थी शब्द कुठे चालतो.

नुसतं कोष्टक दिलं तर आठ दिवसांत तुम्ही पुन्हा तिथेच याल. मी बरीच वर्षं नोकरदारांना कार्यालयीन इंग्रजी शिकवते आणि कंपन्यांची परदेशी पत्रं जाण्याआधी तपासून देते. शब्द पुन्हा पुन्हा येतो ही तुमची खरी अडचण नाहीच. ‘आस्क’ पाचदा आला तर वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. ‘डिमांड’ एकदा आला तरी तो खुर्चीत सावरून बसतो. अडचण वेगळी आहे: मराठीत आपण जी कामं चार वेगवेगळ्या क्रियापदांनी करतो, ती सगळी इंग्रजीत एकटा ‘आस्क’ उरकतो.

बघा, ‘आस्क हिम द रेट’ म्हणजे त्याला दर विचार. ‘आस्क हिम फॉर द सर्टिफिकेट’ म्हणजे त्याच्याकडे सर्टिफिकेट माग. ‘आस्क हिम टु वेट’ म्हणजे त्याला थांबायला सांग. आणि ‘आस्क देम टु डिनर’ म्हणजे त्यांना जेवायला बोलाव. विचारणं, मागणं, सांगणं, बोलावणं. मराठी माणसाला हे चार वेगळे व्यवहार वाटतात आणि ते वेगळेच आहेत. इंग्रजी समानार्थी शब्दसुद्धा याच चार गटांत विभागलेले आहेत. ‘एन्क्वायर’ हा विचारण्याच्या गटातला, ‘डिमांड’ मागण्याच्या, ‘इन्व्हाइट’ बोलावण्याच्या. ‘रिक्वेस्ट’ मागण्यात आणि सांगण्यात चालतो. नुसता दर विचारायला तो फार जड पडतो. यादीत मात्र हे सगळे एका ओळीत, स्वल्पविराम देऊन मांडलेले असतात आणि आपल्याला वाटतं की एक काढला, दुसरा बसवला की झालं.

पीटर मार्क रॉजे या ब्रिटिश डॉक्टराने १८५२ साली आपला थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, छापला तेव्हा त्याने हा घोळ केला नव्हता. त्याने शब्द अक्षरांच्या क्रमाने नाही तर कल्पनांच्या क्रमाने लावले, सुमारे हजार शीर्षकांखाली. त्यात ‘इन्क्वायरी’ आहे बुद्धीच्या वर्गात आणि ‘रिक्वेस्ट’ आहे इच्छेच्या वर्गात, मध्ये शेकडो शीर्षकांचं अंतर. म्हणजे माहिती विचारणं आणि वस्तू मागणं हे त्याच्या लेखी एकमेकांचे शेजारीसुद्धा नव्हते. पुढे नेटवरच्या याद्यांनी शब्द ठेवले आणि वर्ग फेकून दिले. तुमची यादी त्यातलीच.

तेव्हा पहिली गाळणी ही: मला माहिती हवी आहे, वस्तू हवी आहे, की समोरच्याने काही करायला हवं आहे? यातच निम्म्याहून जास्त शब्द बाद होतात.

दुसरी गाळणी थोडी नाजूक आहे. समोरच्याला ‘नाही’ म्हणायची किती मोकळीक आहे, आणि ती आपण किती दाखवतो? मराठीत हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शेजारणीकडे विरजण मागतात, देवाला साकडं घालतात, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देतात, मालकापुढे मागण्या ठेवतात, पाहुण्याला आणखी एक पोळी घ्यायचा आग्रह करतात. सप्लायरला ‘सर्टिफिकेटसाठी आपणांस साकडं घालतो’ असं तुम्ही कधीच लिहिणार नाही, आणि शेजारणीपुढे विरजणाची मागणीही ठेवणार नाही. हा कान तुमच्याकडे आहे. इंग्रजी शब्दांना तो अजून लावलेला नाही, एवढंच.

आता ‘डिमांड’कडे येते, कारण तुमचा पाय तिथेच घसरला आणि तो घसरण्याला कारण आहे. आपण ‘डिमांड’चा अर्थ ‘मागणी’ असा पाठ केलेला असतो आणि मराठीतली ‘मागणी’ बऱ्याच वेळा साधी असते. मुलीला मागणी आली यात कुणी कुणावर गुरगुरत नाही. बाजारात हापूसला मागणी आहे, तिथे इंग्रजीतही ‘डिमांड’ चालतो, बिनतक्रार. पण एका व्यक्तीने दुसऱ्याकडे ‘डिमांड’ केली की अर्थ होतो: हा माझा हक्क आहे, तुम्ही तो अडवून धरला आहे, आणि ‘नाही’ मी ऐकणार नाही. कामगार संघटनेचं ‘चार्टर ऑफ डिमांड्स’ म्हणूनच बरोबर आहे. तिथे तोच सूर हवा असतो. वकिलाची ‘डिमांड नोटीस’ही बरोबर. तुम्ही सर्टिफिकेटसाठी पहिल्याच मेलमध्ये तो शब्द वापरलात, तेव्हा त्या माणसाने तो वकिलाच्या सुरात वाचला. ‘ही पार्टी भांडायच्या तयारीत आहे’ असं त्याला वाटलं असणार.

मराठी वर्तमानपत्रं वाचणाऱ्याची आणखी एका ठिकाणी फसगत होते. विधिमंडळाच्या अधिवेशनात ‘पुरवणी मागण्या’ मांडल्या जातात, इंग्रजीत ‘सप्लिमेंटरी डिमांड्स’. राज्यघटनेच्या कलम ११३ मध्ये लोकसभेसाठी आणि कलम २०३ मध्ये विधानसभेसाठी हाच शब्द आहे, ‘डिमांड्स फॉर ग्रँट्स’, म्हणजे अनुदानाच्या मागण्या, आणि सभागृहाला त्या मागण्या नाकारायचा अधिकारही त्याच कलमांत दिलेला आहे. म्हणजे इथे ‘डिमांड’ नाकारता येते! पण हा संसदीय कामकाजाचा ठरीव शब्द झाला. बँकेतला ‘डिमांड ड्राफ्ट’ तसाच. ठरीव संज्ञेतला शब्द सुटा काढून मेलमध्ये बसवायचा नाही.

मनाला लावून घेऊ नका. फ्रेंच माणसंही इंग्रजी लिहिताना हीच गफलत करतात, कारण त्यांच्या भाषेत ‘दमांदे’ म्हणजे साधं विचारणं किंवा मागणं. इंग्रजीने शब्द तिथूनच उचलला आणि इंग्रजीत आल्यावर तो चढेल झाला.

मग सर्टिफिकेट नसेल तर माल गेटवरून आत घेता येणार नाही, हे ठामपणे कसं लिहायचं? ‘नीड’. ‘वी नीड द टेस्ट सर्टिफिकेट बिफोर वी कॅन अ‍ॅक्सेप्ट द मटेरियल.’ यात ठामपणा पूर्ण आहे, पण तो तुमच्या आवाजातून येत नाही, कामाच्या गरजेतून येतो. जरा औपचारिक हवं असेल तर ‘रिक्वायर’, आणि पीओमध्ये, म्हणजे पर्चेस ऑर्डरमध्ये, अट लिहिलेली असेल तर ‘अ‍ॅज रिक्वायर्ड अंडर द पर्चेस ऑर्डर’ एवढं जोडा. पीओतली अट दाखवली की समोरचा पीओशी वाद घालेल, तुमच्याशी नाही. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या पत्रांत ‘डिमांड’ खोडून मी जवळजवळ प्रत्येक वेळी ‘नीड’ लिहिते.

याहूनही महत्त्वाचं म्हणजे, बहुतेक मेलमध्ये यातलं एकही क्रियापद लागत नाही. ‘आस्क’, ‘रिक्वेस्ट’, ‘एन्क्वायर’ हे शब्द मुख्यतः विचारण्या-मागण्याची हकिगत सांगताना लागतात. ‘मी त्याला काल दर विचारला’ हे साहेबांना सांगताना ‘आय आस्क्ड हिम द रेट यस्टरडे’. पण तुम्ही स्वतः त्याला विचारत असाल, तर विचारा की! ‘व्हॉट इज युअर बेस्ट रेट फॉर फाइव्ह टन्स?’ काम करून घ्यायचं असेल तर ‘कुड यू सेंड द सर्टिफिकेट बाय फ्रायडे?’ मराठीतही आपण ‘मी तुम्हाला विचारतो की दर काय आहे’ असं लिहीत नाही. ‘दर कळवावेत’ लिहितो. ‘कळवावेत’मध्ये जे काम ‘-वेत’ करतं, ते इंग्रजीत ‘कुड यू’ करतं. तुमच्या पाठवलेल्या मेलमधले सगळे ‘आस्क’ तपासून बघा. ‘आय अ‍ॅम आस्किंग यू टु’, ‘आय वाँट टु आस्क दॅट’, अशी सुरुवात असलेली वाक्यं सरळ प्रश्नात बदला. ‘आस्क’ आपोआप कमी होईल आणि समानार्थी शब्दाची गरजही पडणार नाही.

आपल्या पत्रांच्या शेवटी ‘ही विनंती’ असतं, त्याची सावलीही इंग्रजीत पडते. ‘काइंडली सेंड द रेट्स, धिस इज माय हंबल रिक्वेस्ट.’ ‘कुड यू’मध्ये विनंती आलेलीच असते, शेपटीला पुन्हा जोडली की ऐकणाऱ्याला गयावया वाटते. पैसे देणारे तुम्ही, गयावया कशाला?

‘रिक्वेस्ट’ हा शब्द मात्र चांगला आहे, आणि तो दुबळा नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५ उघडून बघा. कलम ६ म्हणतं की नागरिकाने माहितीसाठी लेखी ‘रिक्वेस्ट’ करायची, आणि तिचं कारण देण्याची सक्ती त्याच्यावर नाही. कलम ७ प्रमाणे अधिकाऱ्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हक्क पूर्ण नागरिकाचा, तरी शब्द ‘रिक्वेस्ट’. म्हणजे या शब्दात लाचारी नाही. औपचारिकपणा आहे आणि लेखी नोंद आहे. म्हणून एखादी गोष्ट पुढे कागदावर दाखवावी लागेल असं वाटत असेल, तिथे मी ‘रिक्वेस्ट’ वापरायला सांगते: मुदतवाढ, दरात बदल, तपासणीची तारीख. रोजच्या ‘चलन पाठवा’साठी तो जड आहे.

त्याच्या व्याकरणात एक खोच आहे. नाम असेल तर पुढे ‘फॉर’ येतो, ‘अ रिक्वेस्ट फॉर एक्स्टेन्शन’. क्रियापद असेल तर येत नाही, ‘वी रिक्वेस्ट अ‍ॅन एक्स्टेन्शन’. ‘वी रिक्वेस्ट फॉर’ आपल्याकडे इतकं रुळलं आहे की भारतात कुणी अडवणार नाही, पण बाहेर ते खटकतं. ‘आस्क’चं नेमकं उलट: वस्तू मागताना ‘फॉर’ लागतोच. आणि माणसापुढे ‘टु’ किंवा ‘फ्रॉम’ लागत नाही. ‘त्याला विचारलं’मधला ‘ला’ आपल्याला ‘आस्क्ड टु हिम’ लिहायला लावतो, ‘त्याच्याकडे मागितलं’मधला ‘कडे’ ‘आस्क्ड मनी फ्रॉम हिम’ लिहायला लावतो. बरोबर रूप ‘आस्क्ड हिम’ आणि ‘आस्क्ड हिम फॉर मनी’. खरं सांगायचं तर ‘शाळेतलं इंग्रजी’ असा शेरा कुणाला मारायचाच असेल तर तो या ‘टु’वर मारावा, ‘आस्क’वर नाही.

‘एन्क्वायर’ तुम्हाला नामाच्या रूपात रोजच भेटत असणार. खरेदीच्या धंद्यात ‘एन्क्वायरी’ म्हणजे दर मागवणारं पत्र, ‘एन्क्वायरी काढली का?’ असं आपण मराठीतही विचारतो. परदेशी कंपन्या त्यालाच बहुधा ‘आरएफक्यू’ म्हणतात, म्हणजे रिक्वेस्ट फॉर कोटेशन. स्टोअरकडून तुमच्याकडे येतं ते ‘इंडेंट’ किंवा ‘रिक्विझिशन’. मुळात सगळ्यांचा गाभा मागणंच, पण आता ती कागदांची नावं झाली आहेत. त्यांत समानार्थी शब्दांची अदलाबदल करायला गेलात तर फाइलच चुकीची उघडली जाईल. क्रियापद म्हणून ‘एन्क्वायर’ फक्त माहितीसाठी, आणि त्याच्यापुढे माणूस थेट येत नाही. ‘वी एन्क्वायर्ड हिम’ चूक. ‘वी एन्क्वायर्ड अबाउट द डिलिव्हरी’ बरोबर. रेल्वे स्टेशनवर ‘चौकशी’च्या पाटीवर इंग्रजीत ‘ई’ने सुरू होणारी ‘एन्क्वायरी’ असते. ‘आय’ने सुरू होणारी ‘इन्क्वायरी’ ब्रिटिश वळणात जास्त करून चौकशी समितीसाठी राखलेली. अमेरिकन दोन्हीकडे ‘आय’च लावतात. मराठी ‘चौकशी’लाही हे दोन चेहरे आहेत: गाडीची चौकशी आणि खात्यामार्फत चौकशी.

‘क्वेश्चन’ क्रियापद म्हणून वापरताना जपून. ‘आय क्वेश्चन्ड द सप्लायर’ म्हटलं की त्याला समोर बसवून उलटतपासणी केल्यासारखं वाटतं. पण ‘वी क्वेश्चन धिस चार्ज’ हे वाक्य तुमच्या कामाचं आहे: ही रक्कम आम्हाला पटत नाही. त्याहून मवाळ ‘क्वेरी’. बिलात पॅकिंगचे पैसे दोनदा लागले असतील तर ‘वी हॅव अ क्वेरी ऑन द पॅकिंग चार्जेस’ हे उत्तम. आरोप नाही, पण बोट नेमक्या ओळीवर. आणि ‘आय हॅव अ डाउट इन द ड्रॉइंग’? आपल्या वर्गात, आपल्या ऑफिसात खुशाल म्हणा, भारतभर कळतं. इंग्लंडमधल्या माणसाला मात्र ते ‘तुमच्या ड्रॉइंगवर माझा विश्वास नाही’ असं ऐकू येऊ शकतं. तिथे ‘क्वेश्चन अबाउट द ड्रॉइंग’ लिहा.

सरकारी किंवा टेंडरच्या भाषेत दोन-तीन शब्द येतात, ते ओळखीपुरते ठेवा. निविदा मागवतात तिथे ‘टेंडर्स आर इन्व्हायटेड’. खुलासा मागतात तिथे ‘क्लॅरिफिकेशन इज सॉट’. हे ‘सीक’चं रूप, आणि त्याच्यापुढेही ‘फॉर’ नको. कारणे दाखवा नोटिशीत ‘यू आर कॉल्ड अपॉन टु’. हा शेवटचा स्वतः कधी वापरू नका. तो वरून खाली येणारा शब्द आहे.

इथवरचं एकत्र धरायचं तर: आधी माहिती, वस्तू की कृती ते ठरवा; मग ‘नाही’ म्हणायची जागा किती ठेवायची ते बघा; मग क्रियापद लागतंय का ते तपासा. आणि लागलंच तर ‘आस्क’ हा पहिला उमेदवार, शेवटचा नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, आणि तिथे माझा शब्द अंतिम मानू नका. देशातला जुना सप्लायर असेल तर ‘काइंडली डू द नीडफुल’ने काही बिघडत नाही, दोघांनाही ते घरचं वाटतं. जर्मन किंवा जपानी माणूस असेल तर त्याचंही इंग्रजी शिकलेलंच आहे, त्याला ‘कुड यू पॉसिब्ली’ची नाजूक वळणं देण्यापेक्षा छोटं, तारखेसकट वाक्य द्या. तिसऱ्यांदा आठवण करायची वेळ आली तर सूर चढवावा लागतोच: ‘कुड यू’वरून ‘प्लीज सेंड’, तिथून ‘वी मस्ट हॅव’, आणि त्याच्यापुढे ‘वी इन्सिस्ट’. ‘डिमांड’ त्याच्याही पलीकडे, जिथे पुढचं पत्र तुम्ही नाही तर कंपनीचा वकील लिहिणार. पायऱ्या शिल्लक ठेवल्या तरच चढता येतात, म्हणून पहिल्या मेलमध्ये खालच्या पायरीवर राहा. आणि तुमच्या साहेबांना मुद्दाम कडक भाषा आवडत असेल, तर तो प्रश्न इंग्रजीचा नाही. तिथे मसुदा त्यांना दाखवून पाठवा.

मीटिंगमध्ये हल्ली ‘व्हॉट इज द आस्क?’ ऐकू येतं, तिथे ‘आस्क’ नाम झाला आहे. मला तो प्रयोग आवडत नाही, पण तो चूक नाही. बोलताना चालवा, बाहेरच्या पत्रात ‘रिक्वायरमेंट’ लिहा. यावरून आठवलं, क्रिकेटमध्ये ‘आस्किंग रेट’ दहाचा असला तर त्यात घासाघीस होत नाही, दहा काढावेच लागतात. फ्लॅटच्या जाहिरातीत ‘आस्किंग प्राइस’ असते ती मात्र घासाघीस करण्यासाठीच सांगितलेली असते. शब्द एकच, ‘नाही’ म्हणायची जागा वेगळी. यादीतून हे कळायचा मार्ग नाही.

म्हणून यादी बंद करा आणि फोनवर एखादी चांगली लर्नर्स डिक्शनरी ठेवा, परभाषकांसाठी केलेली. तिच्यात अर्थापेक्षा उदाहरणाची वाक्यं आधी वाचा आणि क्रियापदानंतर काय येतं ते बघा: माणूस, वस्तू, ‘फॉर’, ‘टु’ की ‘अबाउट’. दुसरा स्रोत तुमच्या इनबॉक्समध्येच आहे. त्या इंग्लंडमधल्या सप्लायरने तुमच्याकडे पेमेंटची तारीख विचारली तेव्हा कसं लिहिलं होतं? जुना मेल काढा आणि त्याच्याच वाक्याच्या साच्यात तुमचं सर्टिफिकेट बसवा.